आईचा नवस आणि इस्नोफिलिया

“बाई, हगवण लागली की डॉक्टर बोटातलं रक्त काहून काढतात?”

प्रश्न विचारून झाला तरी जयवंता खाली बसली नाही. हसू मागच्या रांगेतून निघालं आणि दूध उतू जावं तसं पुढच्या रांगेपर्यंत आलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमात असा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता, आणि इथे तर पाहुण्या समोर बसलेल्या. पाहुण्या म्हणजे डॉक्टर प्रेमलता घाटे. त्या रक्त तपासायच्या. रक्तात काय काय असतं ते सांगून झालं होतं आणि “विचारा मुलींनो, काही शंका असतील तर,” असं म्हणून त्या पाणी पीत होत्या.

शंका खरं तर ताराची होती. ताराच्या धाकट्या भावाला जुलाब झाले आणि दवाखान्यात त्याचं बोट टोचलं, तेव्हापासून तारा सगळ्यांना सांगत सुटली होती की दुखणं कुठे अन् टोचणं कुठे. मधल्या सुट्टीत तिने जयवंताला डिवचलं होतं. “तू लई बोलकी झाली नं आता? मग मोठ्या बाईंसमोर विचारून दाखव. अन् जुलाब-बिलाब नाई, घरी म्हणतो तोच शब्द. विचारलंस तर वर्षभर माझ्या डब्यातलं बोरकूट तुझं.”

आता तारा बाकाखाली तोंड घालून हसत होती आणि जयवंता उभी होती.

दोन वर्षांपूर्वीची जयवंता असती तर ती तिथेच विरघळून गेली असती. आठवीत कोराडीहून बसने शहरातल्या या शाळेत आली तेव्हा पहिल्याच दिवशी “मले नाई माहीत” म्हणाली आणि वर्ग खिदळला. त्यानंतर सबंध दोन वर्षं तिने तोंड म्हणून उघडलं नाही. यंदा मात्र पंधरा ऑगस्टला भाषण करणाऱ्या मुलीचा ऐनवेळी घसा बसला. रांगेत उंच दिसते म्हणून बाईंनी जयवंताला पुढे ढकललं, आणि ती जी बोलली ती बोलतच सुटली. टाळ्या पडल्या. आपण बोललो की माणसं ऐकतात, हा शोध तिला त्या दिवशी लागला. तेव्हापासून तिने तोंड मिटलंच नव्हतं.

घाटे बाईंनी पेला खाली ठेवला. “हसू नका गं,” त्या म्हणाल्या. “हा शब्द माझ्यासमोर पेशंट उच्चारत नाहीत, म्हणून माझी निम्मी कामं अडतात. नाव काय तुझं?”

“जयवंता रुपराव ठाकरे.”

“बस जयवंता. नाही, उभीच राहा, तुला नीट दिसेल.” त्यांनी खडू घेतला. “तुमच्या पुस्तकात पांढऱ्या पेशींना शिपाई म्हटलंय. मला त्या शिपाई वाटत नाहीत. मला त्या आळीतल्या माणसांसारख्या वाटतात. आळीत एखाद्या घरी काही झालं, की कोण धावत गेलं त्यावरून मला इथे बसून ओळखता येतं. सुईण धावली तर एक गोष्ट, भगत धावला तर दुसरी. रक्ताचंही तसंच. पोटात एका जातीचे जंतू शिरले की पांढऱ्या पेशींची गर्दी वाढते. टायफॉइडमध्येही पोट बिघडतं, पण तिथे पुष्कळदा उलटं होतं, गर्दी कमी होते. दुखणं पोटाचं, पण धावपळ रक्तातून होते. म्हणून बोट टोचायचं.”

घाटे बाईंनी फळ्यावर एक गोल काढला, त्यात दोन पाकळ्या आणि भोवती ठिपकेच ठिपके.

“आणि ही एक वेगळीच बाई आहे. रंग देऊन काचेखाली पाहिली तर हिचे ठिपके आपल्या संत्र्याच्या रंगाचे दिसतात. एरवी ही फार थोडी असते. एखाद्याच्या रक्तात हीच जास्त दिसू लागली, की मी दोन गोष्टी विचारते. खोकला, दमा, अंगाला खाज? की पोटात जंत? पहिलं लोक लगेच सांगतात. दुसरं विचारलं की भिंतीकडे पाहतात. हिचं नाव इओसिनोफिल.”

जयवंता खाली बसली. तिला कोणी पुन्हा बस म्हटलं नव्हतं.

तारा कुजबुजली, “जिंकली वं तू. काय झालं तुले?”

“काई नाई,” जयवंता म्हणाली. बोरकुटाचा तिला विसरच पडला होता.

तो शब्द तिच्या घरी रोज होता. घरी त्याला इस्नोफिलिया म्हणत. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत कोणाला खोकला झाला की इस्नोफिलिया, आणि इस्नोफिलिया म्हटलं की राख. चिमण्यांतून राख उडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, पापडांवर बसायची, तशी छातीतही बसते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. जयवंताच्या आईला, गोपिकाबाईला, पावसाळ्यात खोकला झाला. वसाहतीतल्या दवाखान्यात रक्त तपासलं तर इओसिनोफिल वाढलेले. डॉक्टरांनी खोकल्याच्या गोळ्या दिल्या. खोकला गेला. दिवाळीनंतर पुन्हा रक्त पाहिलं तर आकडा तसाच वर. “राखेत राहतो तर काय होईन,” असं बाबा म्हणाले आणि विषय संपला.

पण आईचं पोट बिघडलं होतं. हे बाबांना माहीत होतं, जयवंताला माहीत होतं, आणि शेजारच्या भिंतीलाही माहीत असावं, कारण पहाटे संडासाच्या दाराची कडी कितीदा तरी वाजायची. चार दिवस बरं, पुन्हा आठवडाभर तेच. आई वाळत चालली होती. भाकरी थापता थापता ओट्याला टेकून उभी राहायची आणि कोणी पाहिलं की म्हणायची, “पाठ भरून आली जराशी.”

संध्याकाळच्या बसमध्ये जयवंताला खिडकी मिळाली, तरी तिने बाहेर पाहिलं नाही. दवाखान्यात आईचं पोट कोणी सांगितलं असेल का, एवढाच विचार डोक्यात घोळत होता.

आई मागच्या वाफ्यात होती. वसाहतीत बहुतेक घरं शेतातून आलेली. बाबांचं गाव रामटेककडचं, धानाचं. क्वार्टर मिळालं तेव्हा आईने आधी मागची जागा पाहिली. तिथे संडासाच्या टाकीतून झिरपणारं पाणी एका चरीतून वाहत जायचं. शेतकऱ्याची लेक असं फुकटचं खत वाया कशी जाऊ देईल? तिने चर फोडून वाफे पाडले. तिच्या पालकाची पानं हातापेक्षा मोठी व्हायची. सगळ्या रांगेत तिचा पालक जायचा, आणि तो देताना तिच्या चेहऱ्यावर एक ऐट यायची, जी एरवी कधी दिसत नसे.

त्या ओल्या मातीत ती अनवाणी उभी होती. अनवाणीच असायची ती. मागच्या वर्षीच्या नवरात्रात कोराडीच्या देवीसमोर नवस बोलली होती, जयवंता मॅट्रिक पास होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही म्हणून. घराण्यात दहावी पाहिलेली पोरगी अजून झाली नव्हती. बाबांनी हौसेने आणलेल्या नव्या चपला देवाच्या फळीखाली कागदासकट पडून होत्या.

“आई, दवाखान्यात पोटाचं सांगतलं होतं का तू?”

“हळू बोल वं. शेजारी ऐकतीन.”

“सांगतलं होतं का?”

“तुह्या बाबांनं सांगतलं नं सारं.”

“बाबांनी खोकला सांगतला. पोट सांगतलं का?”

आईने पालकाची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “माणसाच्या जातीचा डॉक्टर तो. त्याले काय सांगाचं, मी दिवसातून कितीक वेळा जातो म्हणून? तुले शाळेत हेच शिकवून राहिले का?”

“हो,” जयवंता म्हणाली. “आज हेच शिकवलं.”

रात्री जेवताना तिने बाबांनाही विचारलं. रुपराव बॉयलरवर फिटर होते, मोठ्या यंत्राजवळ काम करून मोठ्याने बोलायची सवय लागलेली. पण या प्रश्नाला त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “बाईमाणसाचं पोट चारचौघांत कसं सांगाव, बापा? तिची इज्जत आहे. अन् पोटाचं काय, इकडचं पाणीच जड.”

जयवंताला वाटलं, आपल्या घरात तीन माणसं आहेत आणि तिघांनी मिळून एक दुखणं दोन करून ठेवलंय. खोकल्याचं दुखणं दवाखान्यात जातं आणि पोटाचं घरी थांबतं. डॉक्टरांनी तरी अर्ध्या माणसाला औषध कसं द्यावं?

शनिवारी तिघं दवाखान्यात गेले. नेहमीप्रमाणे आई स्टुलावर बसली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत, आणि बाबा तिच्या मागे उभे राहून तिच्यातर्फे बोलू लागले.

“खोकला आराम आहे साहेब. अशक्तपणा लई आहे. एखादं टॉनिक द्या.”

डॉक्टरांनी आईची पापणी ओढून पाहिली. आतून ती धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी होती. “रक्त कमी आहे. जेवण जातं का?”

“जाते नं साहेब,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी कागद ओढला. त्यांचं पेन कागदाला टेकलं, आणि जयवंताला शाळेचा हॉल आठवला. तिथे एवढ्या मुली हसल्या होत्या तरी काही झालं नव्हतं. इथे तर चारच माणसं होती. पण इथे बोलणं जास्त कठीण होतं. पेन दोन ओळी पुढे गेलं.

“डॉक्टरसाहेब, आईले हगवण आहे. पावसाळ्यापासून.”

बाबांनी खोकल्यासारखं केलं. आईचा पदर कपाळावरून नाकापर्यंत आला. तिच्या मांडीवरचा हात जयवंताकडे सरकला आणि तिने लेकीला असा चिमटा काढला की महिनाभर वण राहावा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पावसाळ्यापासून? मग मला आज सांगता?”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

“रक्त पडतं का? आव पडते? सारखं, की मधून मधून?”

आईने जयवंताच्या कानाशी तोंड नेलं. जयवंताने मोठ्याने सांगितलं, “मधून मधून.” पुन्हा कानाशी. “रक्त दिसत नाई. पोट कळवळते. जेवलं की जास्त.” तिसऱ्यांदा मात्र आईला राहवलं नाही, कारण जयवंता चुकीचं सांगत होती. पदराआडून ती स्वतःच म्हणाली, “जेवल्यावर नाई वं. उपाशीपोटीच जास्त दुखते. पहाटे तर लईच.”

“हं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी जुने कागद काढून पुन्हा पाहिले. “दोन्ही वेळा इओसिनोफिल वाढलेले. मी खोकल्यावरून चाललो होतो. पाय दाखवा बरं, बाई.”

आईने पाय लुगड्यात ओढून घेतले. मग हळूहळू बाहेर काढले. भेगाळलेले पाय. बोटांच्या बेचक्यांत खाजवून खाजवून काळे पडलेले डाग.

“खाज येत होती का इथे? खोकल्याच्या आधी?”

“चिखल्या झाल्या होत्या पावसात,” आई म्हणाली. “वाफ्यात असते नं मी.”

“चपला घालत नाही?”

याचं उत्तर द्यायला बाबांचा आवाज परत आला. “नवस आहे साहेब. पोरीच्या मॅट्रिकसाठी. वर्ष झालं, खडकावर जाओ की चिखलात, पायात काई घातलं नाई तिनं.” यात त्यांना केवढा अभिमान होता.

डॉक्टरांनी जयवंताला समजावलं, कारण तीच त्यांच्याकडे पाहत होती. माणसाच्या विष्ठेतून जंतांची अंडी ओल्या मातीत पडतात. तिथे बारीक अळ्या होतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. उघडा पाय पडला की कातडीतून आत शिरतात, तेव्हा खाज. रक्तातून छातीत जातात, तेव्हा खोकला. खोकल्याबरोबर घशात येतात, माणूस गिळतं, की पोटात. तिथे आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणजे खाज, खोकला, हगवण आणि पांढरी पापणी, हे चार आजार नसतील. एकच असेल. “असेल म्हणतोय,” ते म्हणाले. “खात्री करायला शौच तपासायला हवं. शहरात.”

जयवंताला तो सगळा प्रवास आपल्या बससारखा वाटला. कोराडीहून निघायचं, ठिकठिकाणी थांबायचं, आणि शेवटच्या थांब्यावर जाऊन ठाण मांडायचं. इस्नोफिलिया म्हणून सगळी वसाहत वर चिमणीकडे बोट दाखवत होती, आणि तो खालून, पायांखालून आला होता.

नमुना शहरात नेणार कोण, यावर घरात सोमवारी सकाळी चांगलीच खणाखणी झाली. आई म्हणाली मी मरून जाईन पण ते हातात धरून बसमध्ये बसणार नाही. बाबा म्हणाले माझी पहिली पाळी आहे. बसमध्ये सगळे ओळखीचे, कोणी विचारलं रुपराव डबीत काय, तर काय सांगू, हेही ते म्हणाले. शेवटी जयवंताने तोंडाला लावायच्या स्नोची रिकामी डबी घासून पुसून आईच्या हातात दिली, ती परत घेतली, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली आणि कंपास पेटीशेजारी दप्तरात ठेवली.

तारा शहरातच मानेवाड्याला राहायची, ती या बसमध्ये थोडीच असणार होती, पण शाळेच्या फाटकाशी तिने गाठलंच.

“आज दप्तर असं कडेवर काहून घेतलंस? लेकरू आहे का त्यात?”

“आईचा नमुना आहे. तपासायले देऊन येते, मग वर्गात येते. बाईंना सांग.”

“कशाचा नमुना?”

जयवंताने सांगितलं. तारा हसायच्या तयारीत होती, पण मैत्रिणीचं तोंड पाहून तिने हसू गिळलं. थोडं चालल्यावर ती म्हणाली, “आण, दप्तर मी धरते. तुझा हात अवघडला असन.” आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेपर्यंत ते दप्तर तिनेच नेलं, पोटाशी धरून. उशीर झाला म्हणून दोघींनी तिसरा तास वर्गाबाहेर उभं राहून काढला.

निकाल आला. अंकुशकृमी, म्हणजे तेच रक्त पिणारे जंत. वसाहतीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, लोहाच्या गोळ्या वेगळ्या, आणि चरीचं पाणी वाफ्यात सोडायचं नाही म्हणून बाबांना बजावलं. आईला एवढंच सांगितलं, “ओल्या मातीत अनवाणी नाही. नाहीतर हे सगळं पहिल्यापासून.”

पंधरवड्यात पहाटेची कडी वाजायची थांबली. आई ओट्याला न टेकता भाकरी थापू लागली. बाबांनी डोकं लावून चरीचं पाणी दुसरीकडे वळवलं, पण माती तीच होती, ओलही होती. आणि एका सकाळी जयवंता दात घासत मागे गेली तर आई वाफ्यात उभी. पालकाच्या पानांत तिची पावलं दिसत नव्हती, पण फळीखालच्या चपला कागदातच होत्या, हे जयवंता येता येता पाहून आली होती.

“आई. डॉक्टर काय म्हणाले?”

“गोळ्या खाल्ल्या नं मी. आता काय होते.”

“पुन्हा होते. पहिल्यापासून होते. चपला घाल.”

“नवस आहे.”

“मोड.”

आईने वर पाहिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “मोडला अन् तू राहून गेली तर? गणितात तुह्ये किती मार्क आले सहामाहीत, सांग बरं. देवीनं हात काढून घेतला तर मी कोणाले विचारू? माह्ये पाय गेले तर गेले. पाय काय, भरून येतात.”

जयवंता तोंडात मंजन तसंच घेऊन उभी राहिली. मग चूळ भरली आणि शाळेत गेली.

त्या दिवशी ती वर्गात इतकी गप्प होती की ताराने कपाळाला हात लावून पाहिला. जयवंता मनातल्या मनात नवस उलगडून पाहत होती. आत्तापर्यंत तिला त्याचं भारी कौतुक वाटायचं. शेजारणी म्हणायच्या, काय माय आहे पोरीची, आणि तिला स्वतःलाच शाबासकी मिळाल्यासारखं व्हायचं. आज तिला त्याची दुसरी बाजू दिसली. आपण पास झालो तर ते आईच्या पायांमुळे. नापास झालो तर आई ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेपर्यंत अनवाणी, म्हणजे आणखी एक पावसाळा त्या मातीत. आपल्या गणिताच्या पेपरातलं एकेक चुकलेलं उदाहरण आईच्या पायांत शिरणार होतं. एवढं ओझं घेऊन कोणी पेपर कसा लिहावा? आणि आईला तरी सांगावं कसं, की तुझ्या मायेची मला भीती वाटते? कारण ती माया खोटी नव्हती. आईकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ना शाळा, ना शिकवणी. पाय होते, ते तिने दिले.

मोड म्हणणं सोपं होतं, आणि आपण फार लवकर म्हटलं, असं तिला वाटलं.

परतताना ती देवळाच्या थांब्यावर उतरली. पायऱ्यांपाशी रंभाबाई नारळ-ओटीचं दुकान लावायची. आईचा नवसाचा नारळ तिच्याकडचाच.

“रंभाबाई, एकानं बोललेला नवस दुसऱ्याले घेता येते का?”

रंभाबाईने नारळाच्या शेंड्या सारख्या करता करता तिला निरखलं. “कोणाचा नवस, कोणासाठी?”

“आईचा. माझ्यासाठी.”

“मंग तुहाच तर आहे तो. आमच्यात घेतात बाप्पा. माह्या सासूनं माह्या नवऱ्यासाठी मंगळवार धरले होते, तिचं अंग थकलं तर त्यानंच धरले पुढं. देवीले काय, कोणी तरी पाळल्याशी मतलब. पण सांगून घ्या लागते. गपचूप नाई.”

जयवंताने चपला काढल्या. देवळात सगळेच काढतात. आत जाऊन ती देवीसमोर उभी राहिली. काय बोलायचं ते जुळवून आली होती, पण इथे भाषण सुचेना. शेवटी घरी बोलते तसं, मले-तुले करून, बोलून टाकलं.

बाहेर आली तेव्हा चपला जिथे ठेवल्या होत्या तिथेच होत्या. तिने त्या उचलल्या आणि हातात धरून चालू लागली. डांबराचा रस्ता दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता. खडे टोचत होते. वसाहतीच्या फाटकापाशी नळ गळून चिखल झाला होता. एरवी ती उडी मारून गेली असती, आज लांबचा वळसा घालून कोरड्या कडेने गेली. मार्चमध्ये हेच डांबर तव्यासारखं होईल, परीक्षेच्या दिवसांत, हा विचार तिच्या मनात आला. आला तसा तिने तो राहू दिला.

बाबा पाळीवरून आलेले होते आणि चहाची बशी तोंडाशी होती. आई दिवा लावत होती. जयवंता दारात आली, तिने पाय पायपुसण्यावर घासले आणि हातातल्या चपला फळीखाली ठेवल्या. मग कागद फाडून आईच्या नव्या चपला बाहेर काढल्या आणि आईच्या पायांपुढे मांडल्या.

“हे काय करून राहिली वं तू?” आई म्हणाली. “पाय काहून उघडे तुह्ये?”

बाबांनी बशी खाली ठेवली.

“आई, तुझा नवस मोडला नाई मी,” जयवंता म्हणाली. हॉलमध्ये बोलली होती त्याहून तिचा आवाज लहान होता, पण थरथरत नव्हता. “देवीले सांगून माझ्या अंगावर घेतला. रंभाबाई साक्षीले आहे. आजपासून तू चपला घालायच्या, वाफ्यात बी, अन् परसात बी. अनवाणी मी राहीन. बसमध्ये, शाळेत, पेपरले बी. हसतीन पोरी, हसू दे. राहून गेली तर ऑक्टोबरपर्यंत राहीन, पण माझ्या पायानं राहीन. अळ्यांची काळजी करू नको, त्या ओल्या मातीत असतात, मी कोरड्या सडकेनंच चालणार. अन् वाफ्यात माझा पाय पडणार नाई. बाबा, ती माती वाळेपर्यंत पालक बाजारातून आणत जा.”